पाकिटावरचे पाकीट

जालन्याचा पत्ता लिहिताना 'नवीन जालना' किंवा 'जुना जालना' असा खुलासा करावा लागतो. कुंडलिकेच्या दोन्ही काठांना गाव वसलेले असल्यामुळे टपालवाल्याच्या दृष्टीने हे दोन शब्द घराच्या क्रमांकाहूनही अधिक मोलाचे असतात. 'घर क्रमांक ५' हा काही पत्ता नव्हे. ते कोणत्या वस्तीतले ५, हे कळले म्हणजे त्याचा पत्ता होतो. संगणकांच्या जगात हाच प्रश्न गेल्या पंधरा वर्षांत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. वस्तीचे नाव लिहिण्यासाठी पाकिटावर किती जागा सोडावी, ते कोठे लिहावे आणि त्याच्या शेजारी आणखी काय लिहिण्याची मुभा असावी, यावर मोठमोठ्या कंपन्यांचे अभियंते वर्षानुवर्षे वाद घालीत होते. त्या वादाची हकीकत येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. व्याख्यानात फळ्यावर चौकोन काढून जे दाखविता येते ते कागदावर शब्दांनीच सांगावे लागेल, तेवढे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. बियाणे आणि सळया यांच्या व्यापाराने ओळखल्या जाणाऱ्या आमच्या गावाला या उठाठेवीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण आज कारखान्याचा साठा, दुकानाची बिले, शाळेचे निकाल हे सारे ज्या संगणकांवर ठेवले जाते ते बहुधा आपल्या गावात नसतात. ते भाड्याचे असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, तर अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी भाड्याची केंद्रे उघडली. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ऐरोली, रबाळे, महापे या भागांत खिडक्या जवळजवळ नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात, त्यांतल्या कित्येक याच धंद्याच्या आहेत. लोक 'क्लाउड' म्हणतात, परंतु तेथे ढगासारखे काही नाही. वीज, थंड हवा, तारा आणि कपाटांत रचलेले हजारो संगणक, एवढाच तो कारभार. त्या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात.

डेटा सेंटरचा मालक आपले संगणक सबंधच्या सबंध कोणाला देत नाही. एका खऱ्या संगणकाच्या पोटात तो अनेक आभासी संगणक चालवितो आणि ते निरनिराळ्या भाडेकरूंना देतो. चाळीत खोल्या असतात तसे म्हणा, पण या चाळीची एक खोड आहे. खोलीचा क्रमांक मालक ठरवीत नाही, भाडेकरू ठरवितो. समजा, जालन्यातील एका बियाणे व्यापाऱ्याने आपल्या हिशेबाच्या संगणकाला १०.०.०.५ हा क्रमांक दिला आहे, आणि एका सळईच्या कारखान्यानेही आपल्या संगणकाला तोच दिला आहे. दोघांनाही तसे करण्याचा पूर्ण अधिकार आहे, कारण दहापासून सुरू होणारे हे पत्ते १९९६ पासून खाजगी वापरासाठी सर्वांना मोकळे ठेवलेले आहेत. आता दोघांचे आभासी संगणक एकाच खऱ्या संगणकात शेजारी-शेजारी येऊन बसले, तर १०.०.०.५ च्या नावाने आलेले पाकीट कोणाच्या हाती द्यावयाचे? शिवाय मालक आपल्या सोयीने आभासी संगणक चालू स्थितीतच एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवितो. बिऱ्हाड हलले तरी पत्ता बदलता कामा नये, अशी भाडेकरूची अट असते.

इंग्रजीत ज्याला पॅकेट म्हणतात त्याला आम्ही मुद्दामच पाकीट म्हणत आहो. आपला शब्द त्याच शब्दापासून झाला आहे आणि अर्थही बराच जुळतो. जाळ्यातून जाणारी माहिती लहान लहान पाकिटांत भरली जाते आणि प्रत्येक पाकिटाच्या तोंडाशी पत्त्याची पट्टी असते. त्या पट्टीला हेडर म्हणतात.

वस्तीचे नाव लिहिण्याची सोय पूर्वी नव्हती असे नाही. १९९८ साली ठरलेल्या 'व्हीलॅन' नावाच्या पद्धतीत पट्टीवर त्यासाठी १२ बिटांची जागा होती. बिट म्हणजे होय किंवा नाही एवढेच सांगणारी खूण. बारा खुणांतून ४,०९६ निरनिराळे आकडे तयार होतात, आणि पहिला व शेवटचा राखीव असल्यामुळे ४,०९४ वापरता येतात. एखाद्या कचेरीला किंवा महाविद्यालयाला एवढे आकडे पुरून उरत. जालना जिल्ह्यातील सारी खेडी त्यांत मावतील, परंतु महाराष्ट्रातील गावे चाळीस हजारांहून अधिक आहेत, ती मावणार नाहीत. आणि भाड्याच्या डेटा सेंटरात तर लाखो भाडेकरू, प्रत्येकाच्या दोन-चार वस्त्या. ४,०९४ हा आकडा तेथे हास्यास्पद ठरू लागला.

तेव्हा उपाय निघाला तो वेष्टनाचा. भाडेकरूचे पाकीट जसेच्या तसे, पत्त्यासकट, दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालावयाचे. बाहेरच्या पाकिटावर खऱ्या संगणकाचा पत्ता लिहावयाचा आणि दोहोंच्या मध्ये वस्तीचा क्रमांक सांगणारी एक लहानशी पट्टी चिकटवावयाची. वाटेतील स्विच बाहेरचा पत्ता पाहून ते पुढे ढकलतात. आत काय आहे याची त्यांना गरज नसते. मुक्कामाच्या संगणकातील प्रोग्राम वेष्टन फोडतो, मधल्या पट्टीवरील वस्ती पाहतो आणि आतले पाकीट योग्य भाडेकरूला देतो. भाडेकरूला वाटते की आपले संगणक एकाच खोलीत एका तारेने जोडलेले आहेत. वस्तुतः ते दोन मजल्यांवर किंवा दोन इमारतींत असतात. खऱ्या जाळ्यावर अंथरलेल्या या दुसऱ्या जाळ्याला आम्ही वरचे जाळे म्हणू. मालाच्या कंटेनरची उपमा येथे बरीच लागू पडते. मोहोरबंद पेटी रेल्वेवर चढते, जहाजावर चढते, आणि क्रेन चालविणाऱ्याला आत कापूस आहे की सळया हे ठाऊक असण्याचे कारण नसते.

मधल्या पट्टीचा पहिला गाजलेला नमुना म्हणजे 'व्हीएक्सलॅन'. व्हीएमवेअर, सिस्को, अरिस्टा आदी कंपन्यांनी तो २०११ च्या ऑगस्टमध्ये मांडला आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये तो आर.एफ.सी. ७३४८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत पहिले नाव महालिंगम यांचे आहे. पट्टी अवघी आठ बाइटांची, म्हणजे ६४ बिटांची. त्यांत आरंभी आठ बिटांच्या खुणा, मग २४ बिट राखीव, मग २४ बिटांचा वस्ती-क्रमांक, आणि शेवटी पुन्हा आठ बिट राखीव. चोवीस बिटांतून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ आकडे होतात. बारा बिट दुप्पट केले म्हणून आकडे दुप्पट झाले नाहीत, ते चार हजारपट झाले. विद्यार्थी श्रोत्यांनी हा हिशेब घरी एकदा कागदावर करून पाहावा.

या पट्टीच्या बाहेर यू.डी.पी. नावाची आणखी एक आठ बाइटांची पट्टी येते. ती कशासाठी? मोठ्या डेटा सेंटरात दोन संगणकांमध्ये एकच रस्ता नसतो, सारख्या लांबीचे अनेक रस्ते असतात. जालन्याहून मुंबईस जाणारे सगळे ट्रक समृद्धी महामार्गावरच लोटले आणि जुना रस्ता मोकळा राहिला तर काय उपयोग? म्हणून स्विच पाकिटे निरनिराळ्या रस्त्यांवर वाटतात. मात्र एका संभाषणाची सर्व पाकिटे एकाच रस्त्याने गेली पाहिजेत, नाहीतर ती मागेपुढे होऊन पोचतील. संभाषण ओळखण्यासाठी स्विच पत्त्याबरोबर 'पोर्ट' नावाचे दोन आकडे पाहतात. वेष्टनात घातल्यावर आतले पोर्ट झाकले जातात, आणि दोन संगणकांमधील हजार संभाषणे बाहेरून एकसारखी दिसू लागतात. तेव्हा व्हीएक्सलॅनच्या कर्त्यांनी एक युक्ती केली. आतल्या पत्त्यांवरून एक आकडा काढावयाचा आणि तो बाहेरच्या यू.डी.पी. पट्टीवर 'पाठविणाऱ्याचे पोर्ट' म्हणून लिहावयाचा. पोचविण्याचे पोर्ट नेहमी ४७८९. जुन्या स्विचला काही नवे शिकवावे लागत नाही. तो आपल्या सवयीने पोर्ट पाहतो आणि वाहतूक आपोआप वाटली जाते. सबंध रचनेतील अत्यंत शहाणपणाचा भाग हाच, असे आमचे मत आहे. नवी वस्तू जुन्या यंत्रांच्या सवयीत बसविण्यात कर्त्याचे कसब दिसते.

ही गोष्ट मायक्रोसॉफ्टने त्याच सुमारास पुढे केलेल्या 'एनव्हीजीआरई' या नमुन्याला साधली नाही. त्याच्या पट्टीत २४ बिटांची वस्ती होतीच, संभाषण ओळखण्यासाठी आठ बिटही होते. परंतु बाहेर यू.डी.पी. नसल्यामुळे ते आठ बिट कोठे पाहावयाचे हे जुन्या स्विचला ठाऊक नव्हते. निसिरा या कंपनीचा 'एसटीटी' हा तिसरा नमुना तर याहून धाडसी होता. जाळ्याच्या कार्डाने मोठ्या मजकुराचे तुकडे स्वतःच करावेत, म्हणून त्याने टी.सी.पी.चा नुसता वेष घेतला. टी.सी.पी.चे नियम तो पाळीत नसे, आणि त्यामुळे वाटेतील पहारेकरी यंत्रे गोंधळून जात.

आता राखीव जागेकडे वळू. व्हीएक्सलॅनच्या पट्टीत ३२ बिट, म्हणजे अर्धी पट्टी, रिकामी होती. नियम असा की पाठविणाऱ्याने तेथे शून्ये लिहावीत आणि घेणाऱ्याने तिकडे लक्ष देऊ नये. गावात मोकळा भूखंड राहिला की काय होते हे सांगावयास नकोच. एका प्रस्तावाने त्यातल्या १६ बिटांत 'हे पाकीट कोणत्या गटाचे' हे लिहिण्याचे ठरविले. दुसऱ्याने 'आत कोणत्या जातीचे पाकीट आहे' हे लिहिण्यासाठी आठ बिट घेतले, आणि ते आठ पहिल्याच्या सोळांतलेच निघाले. एकाच प्लॉटचे दोन सातबारे! दुसऱ्या प्रस्तावाला पुढे ४७९० हे वेगळे पोर्ट घ्यावे लागले. याहून गंभीर गोष्ट म्हणजे 'लक्ष देऊ नये' हा नियम. पाठविणाऱ्याने त्या जागेत एखादी महत्त्वाची सूचना लिहिली आणि घेणारे यंत्र जुने असले, तर ते ती सूचना न वाचताच पाकीट आत देते. 'या गटाच्या पाकिटाला प्रवेश नाही' अशी ती सूचना असेल तर? दार उघडेच राहिले की!

एवढा अनुभव पदरी पडल्यावर २०१४ च्या आरंभी व्हीएमवेअर, मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि इंटेल या कंपन्यांच्या अभियंत्यांनी मिळून 'जिनीव्ह' नावाचा नवा नमुना मांडला. व्हीएक्सलॅन आणि एनव्हीजीआरई या प्रतिस्पर्ध्यांच्या घरचे लोक येथे एका पाटावर बसले. टी. श्रीधर हे नाव तर व्हीएक्सलॅनच्या आणि जिनीव्हच्या, दोन्ही लेखांवर आहे. त्यांची विचारसरणी अशी : उद्या पट्टीवर काय लिहावे लागेल हे आज आपल्याला कळणार नाही, तेव्हा आज फक्त लिहिण्याची शिस्त ठरवू. मूळ पट्टी पूर्वीप्रमाणेच आठ बाइटांची. तिच्या अगदी आरंभी, दोन बिटांच्या आवृत्तीनंतर, सहा बिटांत पुढे जोडलेल्या पुरवण्यांची एकूण लांबी लिहावयाची, तीही चार-चार बाइटांच्या मापात. म्हणजे पुरवण्या जास्तीत जास्त २५२ बाइटांच्या. आत कोणत्या जातीचे पाकीट आहे यासाठी १६ बिट, आणि वस्तीसाठी तेच २४. प्रत्येक पुरवणीवर ती कोणाच्या व्याख्येप्रमाणे लिहिली आहे, तिचा प्रकार कोणता आणि लांबी किती, हे आरंभीच्या चार बाइटांत. ज्याला पुरवणी समजत नाही त्याने लांबी पाहून ती ओलांडावी आणि पुढे जावे.

पण प्रत्येक पुरवणी ओलांडून चालेल असे नाही, हे जिनीव्हच्या कर्त्यांनी ओळखले होते. म्हणून प्रकाराच्या पहिल्या बिटात 'ही पुरवणी अत्यावश्यक आहे' अशी खूण ठेवली, आणि तशी एखादी पुरवणी आत आहे हे सांगणारी दुसरी खूण मूळ पट्टीवर ठेवली. अत्यावश्यक पुरवणी समजली नाही तर मुक्कामाच्या यंत्राने पाकीट टाकून दिलेच पाहिजे. वर सांगितलेल्या उघड्या दाराला ही कडी होती. एक बिट, पण आमच्या दृष्टीने चोवीस बिटांच्या वस्ती-क्रमांकाइतकाच तोलामोलाचा.

यावर आक्षेप आले, आणि ते पोकळ नव्हते. स्विचचे काम प्रोग्राम करीत नाही, चिप करते. तिला सेकंदाला कोट्यवधी पाकिटे पाहावयाची असतात. पट्टी नेहमी आठ बाइटांची असली तर आतले पाकीट कोठे सुरू होते हे चिपला आधीच ठाऊक असते. पट्टी लांबी बदलू लागली की प्रत्येक वेळी मोजणे आले. शिवाय जुना दाखला समोर होता. १९८१ सालच्या आय.पी. पट्टीतही पुरवण्यांची सोय होती, ४० बाइटांपर्यंत. पण पुरवणी असलेले पाकीट आले की रस्त्यावरची यंत्रे ते हळू वाटेला तरी लावीत किंवा फेकून तरी देत, आणि शेवटी पुरवण्या वापरणेच लोकांनी सोडले. जिनीव्हचेही तसेच होणार नाही कशावरून? उत्तर असे की आय.पी.च्या पुरवण्या वाटेतील प्रत्येक यंत्राने पाहावयाच्या होत्या, जिनीव्हच्या पुरवण्या केवळ दोन टोकांसाठी आहेत. वाटेतल्या स्विचने त्या बदलावयाच्या नाहीत, आणि वाचल्या नाहीत तरी चालते. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सच्या कार्यगटाने अखेर तीन नमुने तोलून, थोड्या दुरुस्त्यांसह, जिनीव्हच्या बाजूने कौल दिला. २०२० च्या नोव्हेंबरात तो आर.एफ.सी. ८९२६ म्हणून प्रसिद्ध झाला, आणि त्या तोलण्याची हकीकत २०२४ साली आर.एफ.सी. ९६३८ मध्ये नोंदली गेली. आम्हांला तो कौल योग्य वाटतो. तथापि आक्षेप घेणारे चुकले असेही म्हणवत नाही, कारण त्यांच्याच दडपणामुळे पुरवण्यांची लांबी पट्टीच्या आरंभी लिहिण्याचे मोल सर्वांना पटले.

वेष्टन फुकट मिळत नाही. व्हीएक्सलॅनमध्ये आठ बाइट मधल्या पट्टीचे, आठ यू.डी.पी.चे, वीस आय.पी.चे आणि चौदा इथरनेटचे, असे ५० बाइट प्रत्येक पाकिटावर चढतात. पंधराशे बाइटांच्या भरल्या पाकिटाला हे ओझे तीन टक्क्यांच्या आसपास. पण साठ बाइटांची नुसती पोचपावती असेल तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते. खरी अडचण मात्र ओझ्याची नाही, मापाची आहे. रुळावरून पंधराशे बाइटांचाच डबा जाईल असे ठरलेले असले, आणि भाडेकरूने आपले पाकीट पंधराशे बाइट गच्च भरलेले असले, तर वेष्टनासह ते १,५५० होते आणि बोगद्यात शिरत नाही. व्हीएक्सलॅनचा नियम असा की वेष्टन घालणाऱ्याने त्याचे तुकडे करू नयेत. 'पाकीट मोठे झाले' ही तक्रार वाटेतले यंत्र बाहेरच्या पत्त्यावर, म्हणजे खऱ्या संगणकाला, कळविते. भाडेकरूच्या संगणकाला त्याची खबर सहसा लागत नाही. परिणाम मोठा चमत्कारिक होतो. लहान पाकिटे जातात, मोठी नाहीशी होतात. नाव आणि परवलीचा शब्द स्वीकारला जातो, पण पुढचे पान येतच नाही. दुकानदार म्हणतो इंटरनेट बंद आहे, तपासणारा म्हणतो चालू आहे, आणि दोघेही खरे बोलत असतात. उपाय दोन : खालच्या जाळ्याचे माप वाढवून नऊ हजारांच्या घरात न्यावे, नाहीतर भाडेकरूला १,४५० च्या वर भरू देऊ नये.

पुरवणी जोडली की हा आकडा आणखी खाली येतो. 'ओव्हीएन' नावाच्या, सर्वांना खुल्या असलेल्या प्रोग्रामचे उदाहरण घ्या. त्याला वस्ती-क्रमांकाबरोबर पाकीट कोणत्या दारातून निघाले आणि कोणत्या दारी द्यावयाचे हेही लिहावे लागते. निघण्याच्या दाराला १५ बिट, पोचण्याच्या दाराला १६, आणि एक बिट राखीव, असे चार बाइट. त्यांच्यापुढे पुरवणीचे स्वतःचे चार. एकंदर ओझे ५८ बाइट, आणि भाडेकरूच्या वाट्याला १,४४२. मुक्कामावरच्या यंत्राला पत्ता पुन्हा शोधावा लागू नये, म्हणून ही आठ बाइटांची किंमत दिलेली आहे, आणि ती स्वस्तच आहे.

एक गोष्ट मात्र आमच्या गावच्या व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवली पाहिजे. बियाणे व्यापाऱ्याचे हिशेब आणि कारखान्याचा साठा यांच्यामध्ये या वरच्या जाळ्यात जी भिंत आहे ती म्हणजे हे चोवीस बिट. व्हीएक्सलॅनच्या पट्टीवर ना मोहोर आहे ना कुलूप. खालच्या जाळ्यात ज्याला शिरकाव मिळाला तो कोणत्याही वस्तीचा क्रमांक लिहून पाकीट आत ढकलू शकतो. जिनीव्हही स्वतः कुलूप पुरवीत नाही. पाकिटे परक्या हद्दीतून जाणार असतील तर वेष्टनावर सांकेतिक लिपीचे आणखी एक वेष्टन घालावे, असे त्याचे लेखक सांगतात, आणि अर्थातच त्याचे बाइट वेगळे मोजावे लागतात. भाड्याने जागा घेताना किती खोल्या आणि किती पैसे एवढेच विचारून भागत नाही. दोन इमारतींमधली वाहतूक कुलूपबंद आहे काय, हेही विचारावे.

जिनीव्ह सर्वमान्य झाला तरी व्हीएक्सलॅन गेलेला नाही. असंख्य स्विचांच्या चिपांत तो कोरलेला आहे, आणि चिपा बदलण्यास वर्षे लागतात. तेव्हा दोन्ही जाळी जेथे भेटतात तेथे एक वेष्टन काढून दुसरे घालावे लागते. जालन्याच्या वडीलधाऱ्यांना यावरून मनमाड आठवेल. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास आलेली आमची रेल्वे मीटर गेजची होती, आणि मुंबईची ब्रॉड गेजची. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूळ बदलेपर्यंत मनमाडला माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. येथे तर दुसरा डबा लहान आहे. जिनीव्हच्या पुरवणीतले दारांचे क्रमांक व्हीएक्सलॅनच्या पट्टीत मावत नाहीत, म्हणून ओव्हीएन त्या वेळी चोवीस बिटांचे दोन भाग करते : बारा बिट वस्तीला, बारा पोचण्याच्या दाराला. आणि बारा बिटांत वस्त्या मावतात त्या पुन्हा ४,०९६.